पहिला सर्फबोर्ड : चौदा महिने वापरल्यानंतर

माझा पहिला सर्फबोर्ड, म्हणजे लाटेवर उभं राहून किनाऱ्याकडे यायची फळी, मी कापड बेतायच्या टेबलावर आडवा ठेवला आणि शेपटीकडून नाकाकडे, म्हणजे मागच्या टोकाकडून पुढच्या टोकाकडे, त्याची पाठ अंगठ्याने दाबत गेले. शेपटीपासून वीतभर अंतरावर अंगठा आत रुतला. बाकी सगळीकडे ठणठणीत वाजणारं कवच तिथे ओल्या पुठ्ठ्यासारखं दबलं आणि शेजारच्या केसाएवढ्या चिरेतून पाण्याचा एक थेंब वर आला. जिभेला लावून पाहिला, खारट. बोर्ड समुद्रातून बाहेर येऊन चार दिवस झाले होते.

तो बोर्ड मी वापरलेला घेतला होता. ६ फूट २ इंच लांब, पावणेएकोणीस इंच रुंद, टोकदार नाक, दिसायला फार देखणा. दुकानदार म्हणाले, "ताई, हाच घ्या. हलका आहे, वळतो छान. मोठा घ्याल तर सहा महिन्यांत बदलावा लागेल." त्यांनी माझं वजन विचारलं नाही. मी कधी बोर्डावर उभी राहिले आहे का, हेही विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, कारण या गोष्टींना इतकं महत्त्व असतं हे मला माहीतच नव्हतं. दुकानाचं नाव घेत नाही. पण हे दोन प्रश्न न विचारणाऱ्या माणसाकडून पहिला बोर्ड घेऊ नका, एवढं मात्र अगदी कळकळीने सांगते.

सहा आठवडे, दर शनिवारी आणि रविवारी सकाळी, मी आणि माझी चौदा वर्षांची भाची त्या बोर्डाशी झगडलो. दोघींत मिळून एकही लाट उभं राहून मिळाली नाही. मी त्यावर पालथी झोपले की बोर्ड पाण्याखाली जायचा आणि छातीपर्यंत पाणी यायचं. हात मारून मारून खांदे भरून यायचे, तोवर लाट खालून निघून गेलेली असायची. भाची एकदा वाळूत बसून रडली. तिला वाटलं, आपल्याला जमणारच नाही. ते पाहून मला जे वाईट वाटलं, त्यातूनच हे सगळं लिहितेय.

सातव्या आठवड्यात आम्ही शिकवणी लावली. शिकवणाऱ्या दादांनी आमचा बोर्ड हातात घेतला, उलटा केला, खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, या बोर्डावर मीसुद्धा तुम्हाला शिकवू शकणार नाही." त्यांनी त्यांच्याकडचा ८ फुटी फोम बोर्ड, म्हणजे वरून मऊ असलेला, दिला. त्या एका सकाळी मी चार वेळा उभी राहिले आणि भाची नऊ वेळा. नऊ हा आकडा तिने घरी पोचेपर्यंत तीनदा सांगितला. पुढच्या आठवड्यात मी तसाच बोर्ड नवा घेतला. आज त्याला चौदा महिने झाले. त्याचा आणि त्याच्यासोबत घेतलेल्या सामानाचा हा अनुभव.

लिटरचा हिशेब

बोर्डाची लांबी सगळे विचारतात, पण पहिल्या बोर्डासाठी मी आधी लिटर बघेन. बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये मोजतात आणि बऱ्याच बोर्डांवर ते छापलेलं असतं. माझा देखणा बोर्ड २८ लिटरचा होता. आताचा फोम बोर्ड ८ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद आणि सव्वातीन इंच जाड आहे, म्हणजे ऐंशी लिटरच्या थोडा वर. माझं वजन ६४ किलो.

आता हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. एक लिटर पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलोचा भार तोलला जातो. माणूस पाण्यात बुडालेला असतो तेव्हा पाणीच त्याला बरंचसं उचलून धरतं. पण बोर्डावर पालथं झोपलं की पाठ, खांदे, डोकं, सगळं पाण्याबाहेर येतं आणि तो भार बोर्डावर पडतो. उभं राहिलं की अख्खे ६४ किलो बोर्डावर. २८ लिटरचा बोर्ड एवढं वजन जागच्या जागी पेलूच शकत नाही. तो वेगात असला, खालून पाण्याचा रेटा मिळत असला, तरच वर राहतो. सरावलेल्या माणसाला तो वेग साधतो, म्हणून त्याला छोटा बोर्ड चालतो. माझ्या फोम बोर्डाचं स्वतःचं सहा किलो वजन धरलं तरी तो मला संथ पाण्यातसुद्धा उभी पेलतो. तोल माझा मला सांभाळावा लागतो, पण बुडण्याची भानगड नाही. नवशिक्याची सगळी अडचण त्या अर्ध्या मिनिटातली असते, जेव्हा वेग अजून आलेला नसतो. तेवढा वेळ बोर्डाने सांभाळून घ्यायला हवं.

लांबीचा फायदा वेगळा. लांब होडी आखूड होडीपेक्षा कमी कष्टात पाणी कापते, तेच बोर्डाचं. लाट येते तेव्हा आपला वेग तिच्या वेगाच्या आसपास पोचलेला असावा लागतो, नाहीतर ती आपल्याला मागे टाकून जाते. ८ फुटी बोर्डावर मी पाच-सहा हात मारते आणि लाट शेपटी उचलते. आधीच्या बोर्डावर पंधरा मारूनही काही होत नव्हतं. शिवाय माझ्या बोर्डाचं नाक फार वर वळलेलं नाही, तळ बराचसा सपाट आहे. नाकाला जास्त बाक असला की बोर्ड पुढचं पाणी ढकलत बसतो. उंच, उभ्या लाटेवर तो बाक उपयोगी पडतो. कमरेएवढ्या लाटेत त्याचं काही काम नाही.

मग किती लिटर घ्यावे? माझ्यासारख्या मोठ्या माणसाने किलोमध्ये जेवढं वजन तेवढे लिटर तरी घ्यावेतच, आणि शक्यतो वर वीस-पंचवीस टक्के जास्त. रोज पाण्यात जाणार नसाल, वय चाळिशीच्या पुढचं असेल, तर जास्तीकडे झुका. माझं वय ४१ आहे आणि मला एक लिटरही जास्त वाटला नाही. भाची ४३ किलोची, तिला हा बोर्ड उचलताना जड आणि बगलेत धरायला रुंद पडायचा. तिला ७ फुटी पुरला असता. पण लाटेवर तिलाही याचा त्रास झाला नाही.

बोर्ड कसा आहे

आत ईपीएस फोम, म्हणजे नव्या टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा, फक्त जास्त घट्ट. त्यात लांबीला लाकडी पट्ट्या घातलेल्या, म्हणजे बोर्ड मधेच वाकत नाही. वरून मऊ फोमचा थर, खाली गुळगुळीत प्लास्टिकचा तळ. कडक बोर्डाला काचतंतू आणि त्यांना चिकटवणाऱ्या रेझिनचं कवच असतं, ते यात नाही. त्यामुळे आपटलं, घासलं, दगडाला लागलं तरी कवच तडकायची चिंता नाही, आणि डोक्यावर आला तर टेंगूळ येतं पण सहसा खोक पडत नाही. तरी आठ फुटांचा बोर्ड लाटेने फेकला की जोरात लागतो. पहिल्याच महिन्यात माझ्या हनुवटीला लागला होता. लाट आणि आपण यांच्या मधे बोर्ड आडवा धरायचा नाही, आणि पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती घ्यायचे, या दोन सवयी मऊ बोर्डावरही लावून घ्याव्याच लागतात.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. बोर्डावर मी कुठे झोपायचं ते मला सापडलं. फार पुढे झोपलं की नाक पाण्यात घुसतं आणि आपण कोलांटी खातो. फार मागे झोपलं की नाक वर, शेपटी खोल, आणि बोर्ड ब्रेक लावल्यासारखा रेंगाळतो. नाक पाण्याच्या तीन-चार बोटं वर राहील अशी एकच जागा असते. मी शिवणकाम करते, खूण केल्याशिवाय माझा हात चालत नाही. म्हणून ती जागा सापडली त्या दिवशी, हनुवटी जिथे येते तिथे पक्क्या मार्करने बोटभर लांबीची निळी रेघ मारली. भाचीची रेघ लाल, माझ्या रेघेच्या चार बोटं मागे. लाट यायच्या आत शोधाशोध करायची नाही, हनुवटी रेघेवर आणायची आणि हात मारायचे. या रेघेने आम्हाला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कशाने शिकवलं नसेल.

आता दोष. दहाव्या महिन्यात शेपटीजवळ वरचा मऊ थर आतल्या फोमपासून सुटायला लागला, पहिल्यांदा नाण्याएवढा, मग तळहाताएवढा. चूक माझी होती. भर दुपारी बंद गाडीत बोर्ड तीन तास ठेवला होता. उन्हात आतली हवा फुगते आणि थर सोडवते. तेव्हापासून बोर्ड सावलीत, आणि गाडीत ठेवायची वेळ आली तर काचा खाली. जुन्या जाड सुती चादरीची मी त्याला पिशवी शिवली आहे, नाकाशी निमुळती, शेपटीशी नाडी. विकतची पिशवी जास्त चांगली असेल, पण उन्हापासून आणि ओरखड्यांपासून हीसुद्धा वाचवते.

दुसरा दोष, बोर्ड वळायला मंद आहे. सरळ किनाऱ्याकडे जाताना तो खुशीत असतो, पण लाटेच्या उतारावर आडवं जायचं म्हटलं की मागच्या पायाने बराच जोर द्यावा लागतो. पहिलं वर्षभर मला याचं काही वाटलं नाही. आता कधीकधी वाटतं.

फिन

तळाला शेपटीकडे तीन प्लास्टिकच्या फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पाती, आहेत. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने एका मोडक्या स्पीडबोटीचा कणा आपल्या बोर्डाला लावला, त्याआधी बोर्डाला फिनच नसत. वळायचं तर पाय पाण्यात घसटत न्यायचा. आणि तीन फिनची ही मांडणी लोकप्रिय झाली ती सायमन अँडरसन यांनी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा तसल्या बोर्डावर जिंकल्यावर. मला हे वाचून माहीत होतं, पण फिन नेमकं काय करते ते एक फिन हरवली तेव्हा कळलं.

माझ्या बोर्डावर प्रत्येक फिनला दोन स्क्रू आहेत, ते वरच्या बाजूने घट्ट करायचे असतात. सुरुवातीला एकदा कसले आणि विसरून गेले. लाटांच्या हादऱ्याने स्क्रू सैल होत जातात हे कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी बोर्डाची शेपटी साबण लावलेल्या फरशीवर घसरावी तशी घसरायला लागली. बाहेर येऊन पाहिलं तर मधली फिन गायब. पोहायला आलेल्या एखाद्या मुलाच्या पायाखाली ती येईल या विचाराने मी तासभर ओहोटीच्या रेषेत शोधत फिरले. मिळाली नाही. आता पाण्यात जायच्या आधी प्रत्येक फिन चिमटीत धरून हलवते आणि हलली तर आधी कसते. ही तपासणी वीस सेकंदांची आहे.

नव्या माणसाने एक लक्षात ठेवावं. फिनची गोलाई पुढे, नाकाकडे येते. बाजूच्या फिनचा एक अंग सपाट आणि एक फुगीर असतो, सपाट अंग बोर्डाच्या मध्याकडे. पहिल्या दिवशी आम्ही एक फिन उलटी लावली होती. पुढे कडक बोर्ड घ्याल तेव्हा फिन बसवायच्या खाचा वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगळ्या असतात आणि एकीची फिन दुसरीत बसत नाही, म्हणून जुन्या बोर्डासोबत फिन मिळताहेत का ते आधी विचारा.

लीश, म्हणजे पायाची दोरी

बोर्डासोबत जे आयतं मिळतं त्यात मी सर्वांत जास्त हीच तपासून घेईन. एक टोक बोर्डाच्या शेपटीला, दुसऱ्या टोकाचा पट्टा मागच्या पायाच्या घोट्याला. माझ्यासोबत आलेली लीश ६ फुटी होती, बोर्ड ८ फुटी. लांबी बोर्डाएवढी किंवा किंचित जास्त हवी. आखूड लीश बोर्डाला खेचून आपल्याच तोंडावर आणते. माझ्या हनुवटीचं कारण तेच होतं.

लीशचा इतिहास वाचला तर अंगावर काटा येतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लीश शस्त्रक्रियेत वापरतात तसल्या रबरी नळीची असायची आणि गोफणीसारखी उलटून यायची. वेटसूटमुळे, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी सूटमुळे, जगभर माहीत असलेले जॅक ओ'नील यांचा डावा डोळा १९७१ मध्ये अशाच लीशमुळे गेला. आताच्या लीश युरेथेन या प्लास्टिकच्या असतात, ताणतात पण तशा उसळत नाहीत. तरी लांबी आणि जाडी बघायलाच हवी. मी नंतर ८ फुटी, ७ मिलिमीटर जाड घेतली. बारीक लीश पाण्यात कमी ओढते, पण आपण नवखे बोर्ड सारखा सोडतो आणि तो मोठा असतो, त्यामुळे जाडीच बरी.

आणि ती पहिली लीश तुटली. पट्ट्यापासून चार बोटांवर तिला एक बारीक चीर होती, नखाने तपासली असती तर लागली असती. माझ्या छातीएवढ्या पाण्यात लाट आली, पायाला एक हिसका बसला आणि मग एकदम काहीच ओढ लागेना. मागे वळून बघते तर बोर्ड किनाऱ्याकडे सुटलेला, आणि तिथे गुडघाभर पाण्यात दोन लहान मुलं खेळत होती. त्यांच्या आजोबांनी थोरल्याला हाताला धरून बाजूला ओढलं. बोर्ड हातभर अंतरावरून गेला. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली, ते म्हणाले, "असू दे पोरी, लागलं नाही ना." माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

त्या दिवसापासून लीश मी शिवण तपासते तशी तपासते. पूर्ण दोरी अंगठा आणि तर्जनीतून ओढत न्यायची, कुठे खाच लागते का बघायचं. पट्ट्याच्या वेल्क्रोत वाळू भरली की पकड जाते, म्हणून गोड्या पाण्याने धुऊन जुन्या दातब्रशने साफ करायचा. पट्टा दोरीला जिथे जोडलेला असतो तिथली शिवण बघायची, माझ्या आधीच्या लीशला तिथे एकेरी टीप होती, आताच्या लीशला आडवी-उभी घट्ट टाचलेली आहे. आणि शेपटीच्या बाजूला जी छोटी दोरी बोर्डात ओवतात ती फार लांब ठेवायची नाही, नाहीतर ताण आला की ती बोर्डाची कड कापत जाते. कडेवर दोरीच्या जागी रुंद पट्टी आली पाहिजे. दुमडलेली लीश बोर्डाभोवती गुंडाळून महिनोन्महिने ठेवली तर तिला कायमचे वळसे पडतात, मी ती उंच खिळ्याला लोंबती टांगते.

लीश आहे म्हणून पोहता नाही आलं तरी चालेल असं कुणी समजू नये. माझी तुटली ती छातीभर पाण्यात. किनाऱ्यापासून आत नेणारी ओढ असते तिथे तुटली असती तर पोहण्यावाचून काही हाताशी नव्हतं. अशा ओढीत सापडलं तर थेट किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत आधी त्या ओढीच्या टापूतून बाहेर पडायचं, हे आम्हा दोघींना दादांनी पहिल्याच दिवशी वाळूवर रेघ ओढून समजावलं होतं.

वॅक्स आणि अंगावरचं

बोर्डावर पाय घसरू नये म्हणून वरून मेण लावतात. पाण्याच्या तापमानाप्रमाणे ते वेगवेगळं मिळतं, थंड, गार, कोमट आणि उष्ण पाण्यासाठी. साधारण २४ अंशांच्या वरच्या पाण्याला उष्ण पाण्याचं लागतं. मी आधी चुकून गार पाण्याचं आणलं होतं. ते बोर्डावर लोण्यासारखं वितळलं आणि दोघींच्या पोटाला, कपड्यांना, गाडीच्या सीटला लागलं. उलटं केलं, म्हणजे उष्ण पाण्याचं मेण थंड पाण्यात वापरलं, तर ते काचेसारखं कडक होतं आणि धरतच नाही. फोम बोर्डाला पोत असतो म्हणून थोडंसंच पुरतं. मी फक्त पाय जिथे येतात तिथे लावते, छोटे छोटे गोल फिरवत, दाणे उठेपर्यंत.

रॅश गार्डशिवाय, म्हणजे पाण्यात घालायच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या शर्टाशिवाय, पहिल्या दिवशी गेलो आणि दोघींची पोटं व बगला सोलवटल्या. मिठाचं पाणी, वाळू आणि फोमचा पोत, तिन्ही मिळून किसणीसारखं काम करतात. रॅश गार्ड घेताना उलटा करून शिवण बघा. आतल्या बाजूला शिवण सपाट हवी, दोन कापडांच्या कडा एकमेकांवर बसलेल्या, बोट फिरवलं तर जेमतेम जाणवेल अशी. उभी राहिलेली शिवण बगलेत दोन तासांत रक्त काढते. बाही लांब घ्या. आणि मोजमाप अंगाला चिकटेल असं, सैल असेल तर तो लाटेत तोंडावर येतो.

उन्हाचं मलम झिंक ऑक्साइडचं, पाण्यात टिकणारं घेतलं. नाक आणि कान सगळ्यांना आठवतात. पालथं झोपून तासभर हात मारले की गुडघ्यामागची आणि पोटरीची कातडी भाजते, ती मला आठवली नव्हती. पुढचे तीन दिवस मला मशीनसमोर खुर्चीत बसता येत नव्हतं.

वेटसूट आम्हाला गरम पाण्यात लागला नाही. एकदाच थंड पाण्यात जायचं होतं तेव्हा दोघींसाठी भाड्याने घेतला, ३/२ लिहिलेला, म्हणजे धडाला ३ मिलिमीटर आणि हातापायांना २. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२ च्या सुमारास यामागची गोष्ट ओळखली. अंग कोरडं ठेवायची गरजच नाही, ऊब राखायचं काम सूटच्या रबरात अडकलेले वायूचे बुडबुडे करतात, आत थोडं पाणी शिरलं तरी चालतं. पण ते पाणी तिथेच राहायला हवं. ते सारखं आत-बाहेर झालं की थंडी वाजणारच. म्हणून वेटसूटला सैलपणा अजिबात नको. कपडा बेतताना मी छातीला दोन-तीन इंच मोकळीक सोडते, इथे शून्य. पाठीच्या कण्याच्या खाली किंवा बगलेत घडी पडत असेल तर लहान माप मागा. आमच्या सूटची चेन पाठीवर येत होती, भाचीने पहिल्यांदा उलटा घातला होता आणि मानेला काचतोय म्हणून तक्रार करत होती. शिवणही बघण्यासारखी असते. आरपार सुई गेलेली सपाट शिवण थोडं पाणी सोडते, कोमट पाण्याला ती ठीक. खरं थंड पाणी असेल तर कडा चिकटवून, सुई आरपार न नेता घातलेली टीप हवी. थंड पाण्यात वर्षानुवर्षं जाणाऱ्यांच्या कानात हाडाची वाढ होऊन नळी अरुंद होऊ शकते, तशा पाण्यात नेमाने जाणार असाल तर कानाचे बोळे सुरुवातीपासून वापरा.

हातमोजे, खास घड्याळ, बोर्डावर चिकटवायचे पॅड, यातलं काहीही पहिल्या वर्षी आम्हाला लागलं नाही.

वापरलेला घ्यायचा असेल तर

वापरलेला बोर्ड वाईट असतो असं मी म्हणणार नाही. माझी चूक वापरलेला घेण्यात नव्हती, न तपासता घेण्यात होती. फोम बोर्ड असेल तर मधोमध दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, करकरला तर आतली लाकडी पट्टी मोडलेली असू शकते. थर कुठे सुटलाय ते तळहाताने दाबून कळतं. उचलून बघा, तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा जड वाटला तर आत पाणी असू शकतं. कडक बोर्ड असेल तर पाठीवर अंगठा, आणि फिनच्या मुळाशी व लीश ओवतात त्या भोकाशी बारीक चिरा. जुना बोर्ड पिवळा पडलेला असतो, त्याने फारसं बिघडत नाही. पण चिरेभोवती तपकिरी डाग असेल तर तिथून पाणी आत गेलेलं आहे. चीर छोटी असेल तर बोर्ड पूर्ण सुकवून उन्हात घट्ट होणारं रेझिन लावता येतं. पूर्ण सुकवून. माझ्या बोर्डाच्या आधीच्या मालकाने ओल्यावरच लेप दिला होता, वरून चकचकीत, आतून पाणी.

तो २८ लिटरचा बोर्ड मी टाकला नाही. तीन आठवडे शेपटी खाली करून सावलीत उभा ठेवला, रोज फडक्याने टिपला, मग लेप दिला. भाची म्हणते, "मावशी, दोन वर्षांनी मी हा चालवणार." चालवेल. सध्या तिचा डोळा साडेसात फुटी कडक बोर्डावर आहे आणि तिच्या वजनाला तो जास्त लिटरचाच निवडायचा हे आता तीच मला समजावते.

फोम बोर्ड घरातच राहील. परवा माझी ताई, भाचीची आई, किनाऱ्यावर नुसती बघायला आली होती. भाचीने तिला वाळूवरच बोर्डावर पालथी झोपवली, नाकाकडून वाकून पाहिलं, थोडी पुढे सरकायला सांगितलं आणि पिशवीतून मार्कर काढला. ताईची रेघ हिरवी आहे, माझ्या रेघेच्या दोन बोटं पुढे.